सुकरीच्या मायची बोली

"माय बोलत नाई जी, मास्तर. माही माय मुकी आहे."

सहा वर्षांच्या सुकरीनं हे सांगितलं ते अगदी सहज, आपल्या आंगणात जांबाचं झाड आहे हे सांगावं इतकं सहज! पण ओसरीवर मांडी घालून बसलेल्या इनायत मास्तरांचा टाक वहीवर तसाच थबकला, तिचा बाप नानाजी खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला, आणि आतल्या घरात तांदूळ पाखडत बसलेल्या तिच्या आईच्या, गुणाबाईच्या हातातलं सूप… ते मात्र थांबलं नाही. कोंडा केव्हाच उडून गेला होता, सुपात नितळ पांढरा तांदूळ तेवढा उरला होता, तरी ती आपली पाखडतच राहिली.

मास्तरांसाठी पाण्याचा लोटा घेऊन आलेली मनकर्णा, म्हणजे सुकरीची आत्या, दारातच खिळली. गुणाबाई रडली असती, बाहेर येऊन तिनं लेकीच्या पाठीत धपाटा घातला असता, तरी मनकर्णेला बरं वाटलं असतं. त्या न थांबणाऱ्या सुपानं मात्र तिच्या काळजाचं पाणी पाणी केलं. कारण सुकरीची माय मुकी नव्हती… तिला मुकी केली होती, आणि ती केली होती मनकर्णेनं!

"असं नोको बोलू वो," नानाजी पुटपुटला. "बोलते न आपली माय."

"कवा बोलते?" सुकरीनं विचारलं.

आता इथं मनकर्णेला कुणी लगेच बोल लावू नये, अशी माझी आपली विनंती आहे. आधी सगळं ऐकून घ्यावं, मग काय म्हणायचं ते म्हणावं.

हे रायपल्ली गाव सिरोंच्याच्या वाटेवरचं, प्राणहितेच्या अलीकडच्या काठाचं. मनकर्णेचं लग्न झालं बाराव्या वर्षी आणि सतराव्या वर्षी ती पांढऱ्या कपाळानं माहेरी परत आली. माय त्याच साली गेलेली, बाप खचलेला, आणि धाकटा भाऊ नानाजी नऊ वर्षांचा. रडायला तिला सवड मिळालीच नाही. तिनं पदर खोचला, चुलीपुढं बसली, भाताच्या बांधीत उतरून धानाचा रोवणा केला, रोपं लावली, बापाला शेवटचं पाणी पाजलं आणि भावाला लहानाचा मोठा केला. नानाजी धानाच्या गाड्या घेऊन नदीपलीकडच्या बाजारात जायचा. तिथं सोयरीक जुळली. जात एक, रीतीभाती एक, बोली तेवढी निराळी. अलीकडं मराठी, पलीकडं तेलुगू. "बोलीचं काय घेऊन बसलात, येईल तिले," असं म्हणून मनकर्णेनंच होकार दिला, आणि माहेरची राजव्वा या घरची गुणाबाई झाली.

गुणाबाई आली ती हसत आली. काही विचारायचं असलं की हातवारे करायची, मनकर्णा मीठ मागायची आणि ही हळद आणून द्यायची, मग दोघी चुलीपुढं पोट धरून हसायच्या. फार चांगले दिवस होते ते. मग सुकरी झाली. बाळंतपण अवघड गेलं, गुणाबाई दोन महिने अंथरुणाला खिळली, आणि ते इवलंसं गाठोडं मनकर्णेच्या मांडीवर आलं. ज्या मांडीनं कधी वात्सल्याची ऊब जाणली नव्हती, त्या मांडीवर! त्या दिवसापासून मनकर्णेचा प्राण त्या पोरीत अडकला, तो अडकलाच.

पण पोरगी बोलेना. दीड वर्षाची झाली, दोन झाली, अडीच झाली… तोंडातून शब्द नाही. डोळे टपोरे, हसायची, बोट दाखवायची, पण शब्द नाही. वेखंड उगाळून जिभेला लावलं. पोपटानं चोचलेला जांब आणून चारला, पोपटाचं उष्टं खाल्लं की लेकरू बोलतं म्हणतात, म्हणून. नानाजी त्यासाठी दोन दिवस रानात झाडाखाली बसून राहिला होता. कशाचाही उपयोग झाला नाही. शेवटी मनकर्णा गावच्या सुईणीकडं, म्हाताऱ्या कलाबाईकडं गेली.

"घरात दोन दोन बोल्या आहेत, मावशी. त्याच्यानं तर नाई न होत?" तिनं विचारलं.

"हाव, तसंच असंल," कलाबाई म्हणाली. "लेकरू घोटाळलं असंल."

झालं! त्याच दिवशी मनकर्णेनं भावजयीला बजावलं, की आजपासून पोरीसमोर तुझी बोली बोलायची नाही, एक अक्षरसुद्धा नाही. आणि गुणाबाईला मराठी म्हणजे चुलीपुढं लागेल तेवढीच यायची. ती क्षणभर लेकीकडं बघत राहिली आणि तिनं मान डोलावली. पुढं पंधराच दिवसांत, एका सकाळी, आंगणात सडा टाकणाऱ्या मनकर्णेच्या पदराला धरून सुकरी म्हणाली, "आत्या."

पहिला शब्द! आई नाही, बाबा नाही… आत्या! मनकर्णेनं हातातली बादली टाकून पोरीला कवटाळलं आणि घरोघर गूळ वाटला. गाव म्हणालं, मनकर्णेनं लेकराला वाचा दिली. त्यानंतर सुकरीच्या तोंडाची टकळी जी सुरू झाली ती काही केल्या थांबेना, आणि तिची माय जी गप्प झाली ती काही केल्या बोलेना. मनकर्णेला वाटलं, रुसली असेल, निवळेल. मग वाटलं, गर्व आहे माहेरच्या बोलीचा. मग काही वाटेनासं झालं. चार वर्षं लोटली, पोरगी आत्याच्या कुशीत निजू लागली, आत्याच्या हातून जेवू लागली, आणि खरं सांगायचं तर मनकर्णेला हे असंच हवं होतं.

तर असं हे सारं. इनायत मास्तरांनी टाक दौतीत बुडवला आणि मनकर्णेच्या हातून लोटा घेतला.

"सांगायचं असं आहे, बाई," ते म्हणाले. मास्तर मूळचे सिरोंच्याचे, मराठी, तेलुगू, उर्दू अशा तिन्ही बोल्यांत सारख्याच मोठ्यानं बोलणारे. "तालुक्याच्या जनपद सभेनं ठराव केला. अवंदा आपल्या शाळेत सकाळी तेलुगू, दुपारी मराठी. गाव आधं इकडचं, आधं तिकडचं, मंग शाळा एकाच बोलीची काऊन? पन मायबापाची मर्जी. कोनाले दोन्ही पायजे, कोनाले एकच. पाडव्याले पाटीपूजन, त्याच रोजी अंगठा घेतो. सुकरीचं काय लिहू?"

"मराठीच लिवा," मनकर्णा म्हणाली.

"माय तेलुगूची आहे न?"

"त्याच्यानंच तं पोरीची वाचा गेली होती, मास्तर. पुन्हा घोटाळली म्हंजे?"

मास्तर मोठ्यानं हसले. "माह्या घरी येऊन पाहा एक रोज. माही बायको शमसुन्निसा उर्दूत रागावते, शेजारीण तेलुगूत, मी मराठीत, अन् माही तीन पोरं तिन्ही बोल्यांत उलट बोलतात. घोटाळलं असतं कोनी, तं मले जरा आराम तरी भेटला असता." आणि असं म्हणता म्हणता ते आतल्या दाराकडं वळले आणि सुकरीच्या शाळेविषयी तेलुगूत काहीतरी विचारलं.

आतलं सूप थांबलं. गुणाबाई दारात येऊन उभी राहिली. तिनं मास्तरांकडं पाहिलंच नाही. तिनं पाहिलं मनकर्णेकडं, आणि तेही असं, की परवानगी मागावी की नको हेसुद्धा विचारून घ्यावं. मग नकारार्थी मान हलवून ती आत गेली. मास्तरांनी काही न लिहिताच वही मिटली. "पाडव्याले या," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनकर्णा शेण उचलायला गोठ्याकडं गेली, तर आतून बाईमाणसाचं बोलणं ऐकू आलं. कुणी शेजारीण आली असेल असं तिला वाटलं, कारण हा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. चांगला खळाळता आवाज, मध्येच हसणारा, मध्येच लाडानं रागावणारा. तिनं कुडाच्या फटीतून पाहिलं. गोठ्यात गुणाबाई एकटीच होती. पंधरा दिवसांच्या वासराचं तोंड मांडीवर घेऊन ती त्याच्याशी बोलत होती. नुसतं बोलत नव्हती, गोष्ट सांगत होती! हातानं वाघाचे पंजे करून दाखवत होती, डोळे मोठे करत होती, म्हातारीचा आवाज काढत होती, आणि शेवटी वाघ पळून गेला असावा, कारण तिनं वासराच्या कानाशी टाळी वाजवली आणि आपणच खदखदून हसली. मग हसता हसता गप्प झाली आणि वासराच्या कपाळावर कपाळ टेकून बसून राहिली.

मनकर्णेच्या हातातली टोपली हातातच राहिली. अगबाई… या बाईच्या पोटात एवढं बोलणं होतं! लेकीला सांगायच्या गोष्टी, लेकीला म्हणायचे लाड, लेकीवर काढायचे राग, चार वर्षांचं हे सारं धन ती वासरांना देत आली होती. एक वासरू मोठं झालं की दुसऱ्याला. मनकर्णा आल्या पावली मागं फिरली आणि शेण न उचलताच घरी गेली.

संध्याकाळी सुकरीची वेणी घालताना तिनं हळूच विचारलं, "का वो सुकरे, माय तुह्याशी काय काय बोलते?"

"बोलते न," सुकरीनं बोटं मोजली. "जेव. ये. पानी. निज." चार बोटं झाली. पाचवं बोट बराच वेळ उभं राहिलं, मग तिनं ते मिटून घेतलं. "आत्या, वेनी घट्ट नोको घालू."

मनकर्णेला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती कलाबाईकडं गेली. म्हातारी दारापुढं मोहफुलं वाळत घालत होती. मनकर्णा खाली बसली आणि फुलं पसरू लागली, आणि पसरता पसरता म्हणाली, "मावशी, खरं सांग. दोन बोल्यांनी लेकराची वाचा जाते का?"

"मले काय मालूम बाप्पा."

"तूच तं म्हणली होती चार वरसाआधी!"

"तू इचारलं, मी हाव म्हणली. तुले तेच आयकाचं होतं न, पोरी." कलाबाईनं डोळे बारीक करून तिच्याकडं पाहिलं. "अन् उशिरा बोलनं तं तुमच्या घरचंच आहे. तू खुद चार वरसाची होईतोवर तोंड उघडलं नाई. तुही माय, बिचारी, देवाले नवस करू करू थकली. तुह्या घरी कुठी होत्या दोन बोल्या?"

मनकर्णेच्या हातातली फुलं खाली पडली. "हे तू मले आधी काऊन नाई सांगतलं?"

"तवा तू आयकून घेतलं असतं का?" म्हातारी म्हणाली आणि पुन्हा आपल्या फुलांकडं वळली.

खरं होतं. ऐकून घेतलं नसतं! मनकर्णा घरी परत येताना वाटेत तीनदा थांबली. सुकरी उशिरा बोलली ती आईच्या बोलीमुळं नव्हे, आत्याच्या रक्तामुळं… आणि शिक्षा भोगली ती निरपराध आईनं! घरी जाऊन गुणाबाईचे पाय धरावेत, असं तिच्या मनात आलं. पण दारात पाऊल टाकताच सुकरी "आत्या!" म्हणून धावत आली, गळ्यात पडली, आणि मनकर्णेचं तोंड मिटलं ते मिटलंच.

कारण तिच्यापाशी दुसरं होतं काय? सौभाग्य नव्हतं, पोटचं नव्हतं, स्वतःचं म्हणावं असं घर नव्हतं. ही एक पोरगी होती, आणि ती तिची होती एवढ्याचसाठी, की आईला तिच्याशी बोलता येत नव्हतं. उद्या आई बोलू लागली, ती वाघाची गोष्ट वासराऐवजी लेकीला सांगू लागली, तर मग या आत्याकडं कोण येणार? पाडव्याला चार दिवस होते. चारही दिवस ती ते सत्य पोटात घेऊन हिंडली, गुणाबाईच्या समोर येणं टाळत राहिली, आणि सुकरीला नेहमीपेक्षा जास्त वेळ मांडीवर घेऊन बसली.

पाडवा उजाडला. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळामागची एक कुडाची खोली, तिला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. अलीकडच्यांचा पाडवा आणि पलीकडच्यांची उगादी एकाच दिवशी, त्यामुळं सारं गाव नवे कपडे घालून आलं होतं. पोरांच्या हातांत हळदकुंकू लावलेल्या पाट्या होत्या. मास्तर एकेकाला पुढं बोलावत, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाती आला की वय पुरं. मग आईबापांना विचारत, "एक का दोन?" आणि दोन म्हटलं की सवयीनं पुढचा प्रश्न, "काऊन?"

"नदीपल्याडचे दलाल आपसात काय बोलतात, ते माह्या पोराले समजलं पायजे," लटारू म्हणाला. "मले तं ते हसले तरी भेव लागते." सगळे हसले. पलीकडून येऊन वसलेला मल्लय्या म्हणाला, की तहसीलचा कागद येतो मराठीत; आपण आधी अंगठा देतो आणि मग दुसऱ्याला विचारतो, की बाबा, त्यात लिहिलं काय होतं? पोरानं आधी वाचावं, मग अंगठा द्यावा. यावर कुणी हसलं नाही.

सुकरीचा हात कानापर्यंत पोचला. मास्तरांनी वही उघडली आणि मनकर्णेकडं पाहिलं. नानाजी मागं उभा होता. पण त्या घरात मोठ्या बहिणीपुढं तो कधी बोलला नव्हता, आणि हे मास्तरांनाही ठाऊक होतं.

"मंग बाई, मराठीच न?"

मनकर्णेनं मागं उभ्या असलेल्या भावजयीचा हात धरून तिला पुढं ओढलं. "मले नोका इचारू. हिले इचारा. माय ही आहे."

तिला वाटलं होतं, गुणाबाईचा चेहरा उजळेल. पण ती पांढरीफटक पडली. "नाई, नाई," ती घाईघाईनं म्हणाली. "मराठी. नुसती मराठी लिवा, मास्तर."

"काऊन वो?" मनकर्णा चकित झाली. "तुही बोली शिकल न लेक. मी काही म्हणत नाई आता."

मोडक्या मराठीत, एकेक शब्द शोधून शोधून गुणाबाई बोलू लागली. "बाई… मी बोलली, तवा सुकरी नाई बोलली. मी गप झाली, सुकरी बोलली. आता ती किती बोलते… दिवसभर बोलते. मी आयकते. मले समजते थोडं, नाई समजत थोडं. पन आयकते. मले पुरे." तिनं हात जोडले. "पुन्हा गप झाली तं… बाई, मी मरन."

मनकर्णेला आता कळलं. रुसवा नव्हता तो! गर्व नव्हता, नणंदेचं भय तर मुळीच नव्हतं! लेकीच्या वाणीसाठी त्या माऊलीनं आपली वाणी वाहून टाकली होती, आणि चार वर्षं तिच्या तोंडचं 'आत्या… आत्या…' ऐकत ती समाधान मानत आली होती. मनकर्णेनं दिलेली वाचा म्हणून गावानं गूळ खाल्ला, आणि मोल भरत होती ही.

आणि आता तर सारंच सोपं झालं होतं. मनकर्णेनं गप्प बसायचं, एवढंच. आईनं स्वतःच्या तोंडानं मराठी म्हटलं होतं. मास्तर लिहून घेतील, सुकरी आपली राहील, कुणी तिला दोष देणार नाही, कुणाला काही कळणारही नाही. कलाबाई आज आहे, उद्या नाही. मास्तरांनी टाक दौतीत बुडवला. मनकर्णा त्या टाकाकडं बघत राहिली. मग तिनं मास्तरांच्या हातावर हात ठेवला.

"थांबा जी." "गुणा, आयक. लेकरू उशिरा बोललं ते तुह्यापाई नाई, माह्यापाई. मी खुद चार वरसाची होईतोवर बोलली नव्हती. आमच्या घरचंच आहे ते. तुह्या बोलीचा काही दोष नाई. तू बोलत राह्यली असती, तरी सुकरी त्याच रोजी बोलली असती."

"खरं?" गुणाबाईनं विचारलं.

"खरं. कलाबाईनं सांगतलं मले, चार रोज झाले. चार रोज मी ते पोटात ठेवलं. काऊन ठेवलं, मालूम?" आता तिला अश्रू आवरेनात. "लेकरू तुहं होईल म्हणून. मले कोनी नाई उरणार म्हणून. एवढी वाईट आहे मी, गुणा."

गुणाबाईला सारं उमगलं नव्हतं. मास्तरांनी हलक्या आवाजात तिच्या बोलीत दोन वाक्यं सांगितली, तेव्हा ती कुडाला टेकून मटकन खाली बसली. "चार वरसं, बाई," ती म्हणाली. एवढंच. आणि पदर तोंडात कोंबून अशी रडली, की सुकरी घाबरून आत्याच्या पायांना बिलगली.

बऱ्याच वेळानं ती उठली. डोळे पुसून वहीजवळ गेली आणि शाईत अंगठा बुडवला. "दोन्ही," ती म्हणाली.

"काऊन?" मास्तरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं आणि त्यांनी जीभ चावली. पण गुणाबाईनं उत्तर दिलं, स्वतःच्या बोलीत, चारचौघांत, चार वर्षांत पहिल्यांदा. मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि लोकांना सांगितलं, "म्हणते, मी लेकीवर रागावीन तं लेकीले समजलं पायजे. अन् लेक माह्यावर रागावल, तं मले."

तुम्हाला वाटेल, आता सारं गोड झालं. छे! असं कुठं होतं? चार वर्षांची भिंत एका अंगठ्यानं पडत नाही. गुणाबाई मनकर्णेशी वाईट वागली नाही, पण चांगलीही वागली नाही. ताट वाढून द्यायची आणि निघून जायची. सुकरी तर दुसऱ्याच दिवशी शाळेतून रडत आली, की ते सकाळचं मला नको, मास्तर काय म्हणतात ते समजत नाही. मनकर्णेला मनातून केवढा आनंद झाला असेल! पण तिसऱ्या दिवशी सकाळी तीच पोरीचा दंड धरून तिला शाळेत घेऊन गेली, आणि ती पळून येऊ नये म्हणून दुपारपर्यंत देवळाच्या पायरीवर बसून राहिली. असा तिनं सव्वा महिना काढला. गावातल्या बायका म्हणायच्या, "आत्यालेच शिकाचं आहे वाटते तेलुगू."

रोवण्याच्या दिवसांत, बांधीत चिखलात उभी असताना, सुकरीनं पहिल्यांदा आईला तिच्या बोलीत हाक मारली, आणि पुढं काहीतरी सांगितलं. गुणाबाईनं हातातली पेंढी टाकली आणि चिखलाच्या हातांनी तिचं तोंड धरून तिला पुन्हा सांगायला लावलं, पुन्हा, पुन्हा. दहा पावलांवर वाकलेली मनकर्णा धान रोवतच राहिली. तिनं तोंड वर केलं नाही.

मग जे व्हायचं होतं ते झालं. सुकरी आईच्या मागंमागं हिंडू लागली. चुलीपाशी, विहिरीवर, गोठ्यात मायलेकींचं बोलणं आणि हसणं चालायचं, आणि त्यातला एक शब्द मनकर्णेला कळायचा नाही. पोरगी आत्याला विसरली नव्हती. येऊन गळ्यात पडायची, दिवसभराचं सांगायची, पण निजायला आता आईजवळ जायची. मनकर्णेनं कुणापाशी तक्रार केली नाही. ज्या घरात एवढं बोलणं झालं होतं, त्या घरात ती हळूहळू अबोल होत चालली होती. दुसऱ्यांचं बोलणं नुसतं ऐकत बसायचं म्हणजे काय असतं, ते तिला आता उमगलं होतं, आणि हे आपल्या कर्माचं फळ आहे, असं ती स्वतःला समजावत होती.

कार्तिकातली दुपार होती. धान घरात आलं होतं, कामं सरली होती. गुणाबाई आणि सुकरी आंगणात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या आणि मनकर्णा ओसरीवर वाती वळत होती. मायलेकींचं बोलणं बराच वेळ हलक्या आवाजात चाललं होतं. मध्येच दोघींनी तिच्याकडं पाहिलं. आपण इथं असल्यानं यांना मोकळं बोलता येत नसेल, असं वाटून मनकर्णा वाती गोळा करून उठली.

"आत्या, जाऊ नोको," सुकरीनं हाक मारली. "माय तुले काही इचारून राह्यली."

"काय इचारते?"

सुकरी आईकडं वळली, तिचं ऐकलं, पुन्हा इकडं वळली. "म्हणते, इतकी वरसं झाली, इचारीन इचारीन म्हणते. पन मराठीत एवढं मोठं तिले सांगता येत नव्हतं."

"मंग इचार म्हणा," मनकर्णा म्हणाली. हिशेब मागणार असेल चार वर्षांचा. मागू दे. हक्क आहे तिचा.

सुकरीनं शेंग खाली ठेवली आणि नीट आठवून आठवून, पाठ म्हणावा तसं सांगितलं, "माय म्हणते, तू सतरा वरसाची असताना सासरून परत आली. तवा तुले कोनं जवळ घेतलं होतं?"

मनकर्णेनं गोळा केलेल्या वाती खाली ठेवल्या. त्या दिवशी तिला पुष्कळांनी पुष्कळ विचारलं होतं. अंगावरचं सोनं सासरी ठेवलं का, दुखणं काय होतं, किती दिवस होतं, आता कायमचीच आलीस का. बाप भिंतीकडं तोंड करून निजला होता, आणि नऊ वर्षांचा नानाजी भूक लागली म्हणून रडत होता. ती तशीच चुलीपुढं जाऊन बसली होती. एकवीस वर्षांत, या बोलीत नाही की त्या बोलीत नाही, हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"कोनं नाई," ती म्हणाली. "सांग तुह्या मायले. कोनंच नाई घेतलं."

सुकरीनं आईला सांगितलं. गुणाबाईनं मांडीवरच्या शेंगा बाजूला सारल्या, ओसरीच्या दोन पायऱ्या चढून ती वर आली, आणि आपल्याहून चौदा वर्षांनी मोठ्या असलेल्या नणंदेचं डोकं तिनं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. सतराव्या वर्षी रडायचं राहून गेलेली मनकर्णा लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडू लागली, आणि तिला थोपटता थोपटता गुणाबाईही रडू लागली. काय झालं, काय झालं, म्हणून सुकरी एकदा मराठीत आणि एकदा तेलुगूत विचारत राहिली.